अनुभव तांडेलाचा, बोट नाखव्याची

चाळीस वर्षे समुद्रावर काढलेल्या माणसाने दुसऱ्याची बोट सोडून स्वतःची घ्यायची ठरवली, तर बँक, सरकार आणि बाजार त्याच्या अनुभवाला किती किंमत देतात? कफ परेडच्या मच्छीमार नगराच्या निमित्ताने...

१ जूनला पश्चिम किनाऱ्यावरची यांत्रिक मासेमारी थांबते. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, बोटी किनाऱ्याला लागतात. कफ परेडच्या मच्छीमार नगरात या दिवसांत समुद्रापेक्षा जमिनीवरच काम जास्त. फाटलेली जाळी सांधायची, इंजिन उघडायचे, लाकडाच्या फटी बुजवायच्या, रंग द्यायचा. मागे कफ परेडचे टॉवर, चालत जाण्याच्या अंतरावर भुयारी मेट्रोचे शेवटचे स्थानक, समोर पावसाळी काळपट पाणी. याच दोन महिन्यांत आणखी एक काम उरकले जाते, ते म्हणजे हिशेब. गेल्या मोसमाची उचल फिटली का, नव्या मोसमासाठी किती घ्यायची आणि कोणाच्या बोटीवर जायचे, हे सगळे आताच ठरते.

पन्नाशीला आलेल्या तांडेलासमोर आणखी एक प्रश्न असतो. बोट आपण चालवतो, मासळी कुठे लागेल हे आपल्याला कळते, खलाशी आपल्या शब्दावर चालतात. मग बोट आपलीच का नसावी? शहरात कारखान्यातला फिटर, गॅरेजमधला मिस्त्री, हॉटेलातला आचारी हाच विचार करत असतो. ‘दुसऱ्यासाठी राबण्यापेक्षा स्वतःचे काहीतरी सुरू कर’ हा सल्ला आता घरोघरी मिळतो. मच्छीमार नगरात मात्र त्याचा हिशेब फार उघडपणे मांडता येतो, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

तांडेल नेमके काय करतो?

नाखवा म्हणजे बोटीचा मालक, तांडेल म्हणजे बोट चालवणारा आणि समुद्रावर निर्णय घेणारा, खलाशी म्हणजे बाकीचे हात. जुन्या काळी नाखवा आणि तांडेल बहुतेकदा एकच असे किंवा एका घरातले असत. बोटींना इंजिन आले, त्या मोठ्या झाल्या, किमती वाढल्या तशी ही दोन माणसे वेगळी होत गेली. आज अनेक बोटींवर तांडेल पगारी असतो आणि खलाशी कोकणातून, गुजरातमधून, उत्तर प्रदेशातून, झारखंडमधून किंवा थेट नेपाळमधून आलेले असतात.

तांडेलाच्या कामाचा मोठा भाग बाहेरच्याला दिसत नाही. भरतीचेच घ्या. किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ साधारण कळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. हे गणित आता मोबाईलवर मिनिटाच्या हिशेबाने मिळते, त्यामुळे ते पाठ असण्याचे कौतुक उरले नाही असे कोणी म्हणेल. पण गणित ही फक्त सुरुवात. डोल जाळे हे पिशवीसारखे असते. ते प्रवाहाच्या तोंडाला लावून ठेवतात आणि पाण्याच्या ओढीनेच बोंबील, करंदी, मांदेली त्यात येतात. म्हणजे उधाणाच्या दिवसांत, पाण्याला ओढ असताना, कामाची घाई. भांगाच्या दिवसांत ओढ कमी, मासळीही कमी. जाळे कोणत्या जागी, किती खोलीवर, ओढ बदलण्याच्या किती आधी उचलायचे हे ॲप सांगत नाही. थोडा उशीर झाला तर पाणी फिरते आणि जाळे उलटते. त्यातली मासळी जातेच, कधी जाळेही जाते.

त्याशिवाय ढगांचा रंग, वाऱ्याने बदललेली दिशा, इंजिनाच्या आवाजातला किंचित फरक, बुडालेल्या जहाजांच्या आणि खडकांच्या जागा, नव्या खलाशाला कोणत्या कामाला लावायचे आणि कोणत्या नाही, बर्फ कधी टाकायचा. यातली प्रत्येक गोष्ट पैशांत मोजता येते. जाळे खडकाला अडकले नाही तर दुरुस्तीचा खर्च वाचतो. नेमके ठिकाण गाठले तर डिझेल वाचते. मासळी नीट बर्फात ठेवली तर लिलावात भाव मिळतो. वादळाच्या आधी परत फिरण्याचा निर्णय वेळेवर झाला तर माणसे वाचतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मुंबईच्या किनाऱ्यावर नांगरलेल्या बोटींचीही दैना केली. समुद्रात असलेल्यांसाठी असा एक निर्णय म्हणजे काय असतो, हे वेगळे सांगायला नको.

या अनुभवाची किंमत इतरांना कळते ती अडचणीच्या वेळी. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी रबरी होडीतून याच मच्छीमार नगराच्या किनाऱ्यावर उतरले. अनोळखी माणसे, अनोळखी होडी, पाठीवर जड पिशव्या. हे सरळ प्रकरण नाही, असे पहिल्यांदा वाटले ते किनाऱ्यावरच्या कोळ्यांना, आणि त्यांनी त्या माणसांना हटकलेही होते. त्याआधी दहशतवाद्यांनी ‘कुबेर’ ही पोरबंदरची बोट पळवली होती. चार खलाशांना त्यांनी मारले आणि तांडेलाला मुंबईजवळ येईपर्यंत जिवंत ठेवले. त्यांच्याजवळ जीपीएस होते. तरीही बोट मुंबईपर्यंत आणायला त्यांना तांडेल लागला.

दुसरे उदाहरण वरळीचे. किनारी रस्त्याचा पूल क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी येणार होता आणि दोन खांबांमधले अंतर ६० मीटर ठेवले होते. कागदावर बोटीची रुंदी मोजली तर हे अंतर भरपूर होते. वरळी कोळीवाड्याचे म्हणणे वेगळे होते: वारा आणि ओढ असताना बोट सरळ रेषेत चालत नाही, ती बाजूला सरकते, खाली खडक आहेत आणि समोरून दुसरी बोट येते. काम अडले, आंदोलने झाली, तज्ज्ञांचे अहवाल आले. शेवटी अंतर १२० मीटर करण्याचे ठरले. खांब एकदा उभा राहिला की दुरुस्ती नसते. कोळ्यांचा अनुभव आधीच विचारात घेतला असता तर वेळ आणि पैसा दोन्ही वाचले असते, असे म्हणायला हरकत नाही.

मग या अनुभवाचा भाव कसा ठरतो?

जुनी पद्धत वाट्याची. फेरीतून आलेल्या पैशांतून डिझेल, बर्फ, शिधा वजा करायचा आणि उरलेल्याचे वाटे पाडायचे: काही बोटीचे, काही जाळ्याचे, काही माणसांचे. तांडेलाला खलाशापेक्षा जास्त वाटा. या पद्धतीत अनुभवाची किंमत आपोआप मिळते, कारण चांगला तांडेल असलेल्या बोटीचा एकूण गल्लाच मोठा असतो. वाईट काळात मात्र सगळ्यांचेच हात रिकामे.

मोठ्या बोटींवर आता महिन्याचा पगार किंवा मोसमाची ठरीव रक्कम असते, कधी त्यावर मासळीनुसार थोडे बक्षीस. मोसमाआधी उचल दिली जाते. मालकाला ती भीतीपोटी द्यावी लागते, कारण खलाशी मिळत नाहीत आणि उचल घेऊन पळून गेल्याच्या तक्रारी दरवर्षी असतात. कामगाराला ती गरजेपोटी घ्यावी लागते, कारण बंदीचे दोन महिने घर चालवायचे असते. एकदा उचल घेतली की बोट बदलणे अवघड. म्हणजे अनुभव वाढत जातो, पण तो घेऊन दुसऱ्या दारात जाऊन भाव करण्याची मुभा कमी होत जाते. कार्यालयात बारा वर्षे काढलेला माणूस अनुभवाचे प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडतो. तांडेलाकडे असते ते फक्त नाव, आणि ते नाव बंदरापुरते.

२६/११ नंतर किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याची योजना आली. सरकारने त्यांच्या बोटांचे ठसे घेतले, चेहरे टिपले. कोण समुद्रावर जातो हे नोंदले गेले. तो तिथे काय करू शकतो, याला त्या कार्डावर जागा नव्हती. सुरक्षेसाठी ते योग्यच होते. तरी एवढी मोठी नोंदणी झाली आणि कौशल्याचा एक रकाना राहून गेला, हे मला अजून खटकते.

हे गिरणगावाने आधी पाहिले आहे

कफ परेडहून परळ-लालबाग काही किलोमीटरवर आहे. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यांपैकी हजारोंना पुन्हा गिरणीचे दार उघडले नाही. त्यांच्यातले अनेक जण साच्यावर वीस-वीस वर्षे काढलेले होते. धागा तुटायच्या आधी आवाजावरून ओळखणारी माणसे होती. पण साचा गिरणीचा होता. गिरणी गेल्यावर तो अनुभव कुठे लावायचा? काही जण भिवंडीच्या यंत्रमागांवर कमी पैशांत गेले. काही गावी परतले. उरलेल्यांनी भाजी विकली, वडापावची गाडी लावली, सुरक्षारक्षक झाले. सरकारी भाषेत त्यातल्या कित्येकांना ‘स्वयंरोजगारित’ म्हणता येईल. प्रत्यक्षात त्यांचा अनुभव शून्यावर आला होता आणि ते नव्या धंद्यात शिकाऊ होते.

त्याच गिरणगावात दुसरीही गोष्ट घडली. गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जावर धंदा करत. वाणी उधार देई, व्याज वाढत जाई. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचवले. या बायकांना स्वयंपाक कोणी नव्याने शिकवला नाही, तो त्यांना येतच होता. भांडी, चूल आणि गिऱ्हाईकही त्यांचेच होते. फक्त भांडवल महाग होते, ते स्वस्त झाले.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर तांडेलाचा प्रश्न स्पष्ट होतो. अनुभव किती आहे यापेक्षा तो ज्या साधनावर चालतो ते साधन कोणाचे आहे, यावर बरेच काही ठरते. तांडेलाचा अनुभव बोटीवर चालतो, आणि बोट खानावळीच्या भांड्यांइतकी स्वस्त नाही.

‘स्वयंरोजगार वाढला’ याचा अर्थ काय?

केंद्र सरकारच्या श्रमबळ सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या काम करणाऱ्यांपैकी ५२.२ टक्के स्वयंरोजगारित होते. २०२३-२४ मध्ये ५८.४ टक्के. नियमित पगार असलेले जेमतेम २२ टक्के. पहिला आकडा वाचून उद्योजकतेची लाट आली असे म्हणण्याचा मोह होतो. पण या गटात तीन प्रकारची माणसे एकत्र मोजली जातात: चार माणसे कामाला ठेवणारा मालक, एकटा धंदा करणारा, आणि घरच्या धंद्यात बिनपगारी हात लावणारे कुटुंबीय. शेवटच्या प्रकाराचा वाटा एकूण कामगारांत सुमारे एक पंचमांश आहे. वडिलांच्या होडीवर जाणारा मुलगा आणि घरी करंदी सोलणारी सून, दोघेही या आकड्यात ‘स्वयंरोजगारित’. त्यांच्या हातात पैसा येतो का, हे हा आकडा सांगत नाही.

होडी घेतली तर? एक हिशेब

पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक बंदरात आणि प्रत्येक मोसमात ते वेगळे असतात. समजा, लहान होडीने एका फेरीत १०,००० रुपयांची मासळी आणली. डिझेल, बर्फ, शिधा मिळून ४,००० खर्च. उरले ६,०००. त्याचे आठ वाटे: बोट आणि जाळ्याचे तीन, तांडेलाचे दोन, तीन खलाशांचे प्रत्येकी एक. एक वाटा ७५० रुपयांचा. तांडेलाला १,५०० मिळाले, बोटमालकाला २,२५०. बोट तांडेलाचीच असती तर त्याच्या हातात ३,७५० आले असते.

इथपर्यंत हिशेब गोड आहे. आता दुसरी फेरी. मासळी ३,०००ची आली, खर्च तोच ४,०००. दुसऱ्याच्या बोटीवर असलेल्या तांडेलाला त्या दिवशी काही मिळत नाही. स्वतःची बोट असलेल्याच्या खिशातून १,००० जातात, आणि खलाशांना हातखर्चाला काही द्यावे लागले तर तेही. पहिल्या फेरीतले जे २,२५० ‘बोटीचे’ म्हणून मिळाले होते, ते खरे तर त्याचे उत्पन्न नाहीच. त्यातून कर्जाचा हप्ता, पुढच्या वर्षीचे जाळे, इंजिनाची दुरुस्ती, विमा आणि ६१ दिवसांच्या बंदीतला खर्च निघायचा आहे. पगारी तांडेलाला मोसमाच्या मध्ये इंजिन बसले तर तो मालकाला फोन करतो. स्वतःच्या बोटीचा मालक तोच असतो.

नव्याने बोट घेतलेले अनेक जण अडकतात ते इथे. चांगल्या महिन्यात बोटीचा वाटा घरखर्चात जातो आणि जून उजाडतो तेव्हा हप्ता थकलेला असतो. राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून मच्छीमार संस्थांच्या सभासदांनी बोटी बांधल्या आणि थकबाकीत गेले, हा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा जुना विषय आहे. त्यातले सगळे लोक बेहिशेबी किंवा आळशी नव्हते. मासळीही घटली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये महाराष्ट्रात समुद्रातून २.०१ लाख टन मासळी आली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी ‘क्यार’सारख्या वादळांनी बोटी किनाऱ्यावर बसवून ठेवल्या होत्या. महिन्याच्या ठरीव हप्त्याला वादळ कळत नाही.

केरळमध्ये यावर एक जुना उपाय आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या मरियनाड गावापासून सुरू झालेल्या मच्छीमार संस्थांनी मासळीची पहिली विक्री स्वतःकडे घेतली. त्यांचा दक्षिण भारतीय महासंघ १९८० मध्ये झाला. कर्जाची वसुली ठरीव हप्त्याने न करता रोजच्या विक्रीतून टक्क्यांनी कापायची, असा त्यांचा नियम. मासळी भरपूर तर कर्ज लवकर फिटते, नाही तर सावकाश. व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे घेऊन त्यालाच मासळी पडत्या भावात घालण्याची सक्तीही सुटते. आपल्याकडे पालघरच्या सातपाटीत सहकारी संस्था सभासदांचे पापलेट एकत्र विकतात, हे त्याच जातीचे काम. मुंबईत मात्र बहुतेकांना ससून डॉकच्या किंवा भाऊच्या धक्क्याच्या लिलावात एकेकटे उभे राहावे लागते.

बोट न घेता स्वतंत्र होता येते का?

येते, आणि माझ्या मते पन्नाशीनंतर हा रस्ता जास्त विचार करण्यासारखा आहे. मच्छीमार नगरात बंदीच्या दिवसांत बसून पाहा: जाळे विणणारा आणि सांधणारा, लाकडी बोट दुरुस्त करणारा, डिझेल इंजिन उघडणारा. या तिघांचे साधन पेटीत मावते. भांडवल कमी, जोखीम कमी आणि गिऱ्हाईक म्हणजे ज्यांच्याबरोबर आयुष्य काढले तीच माणसे. चांगला तांडेल बहुधा जाळ्याचाही जाणकार असतो; कोणत्या मासळीला किती आसाचे जाळे लागते हे त्याला विणणाऱ्याइतकेच कळते.

१७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. त्यांत बोट बांधणारे आणि मासेमारीचे जाळे विणणारे, असे दोन या किनाऱ्यावरचे आहेत. प्रशिक्षण काळात दिवसाला ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, पहिले कर्ज एक लाख आणि ते फेडल्यावर दुसरे दोन लाख, व्याज ५ टक्के. वयाची वरची मर्यादा नाही. कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, त्यामुळे बाप की मुलगा हे घरी आधी ठरवावे लागते. इंजिन मिस्त्री या यादीत नाही. तांडेलही नाही. हाताने वस्तू घडवणारा कारागीर सरकारला दिसतो. निर्णय घेणारा दिसत नाही.

बायका कधीच्या स्वतंत्र आहेत

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट विसरली जाते. कोळीवाड्यात स्वयंरोजगार ही नवी कल्पना नाही; ती बायका पिढ्यान्‌पिढ्या जगत आल्या आहेत. १८७५ पासून सुरू असलेल्या ससून डॉकवर पहाटे लिलावाला उभी राहणारी कोळीण स्वतः माल निवडते, स्वतः भाव करते, स्वतः विकते. कल्ला उचलून ताजेपणा पाहणे, बोटाने दाबून मांस पारखणे, कोणत्या गिऱ्हाइकाला कोणती मासळी दाखवायची आणि संध्याकाळी उरलेल्या मालाचे काय करायचे, हे तिचे शिक्षण. उरलेला बोंबील, करंदी सुकवायची आणि पावसाळ्यात विकायची: बंदीच्या ६१ दिवसांचा विमा तिने स्वतःच शोधून काढला.

तिचा धंदा टिकला तो फक्त हिमतीवर नव्हे. तिचा पैसा एका दिवसात फिरतो, बोटीचा फिरायला वर्षे लागतात. आणि गिऱ्हाईक तिच्या हातात असते. नवऱ्याला मासळी कुठे लागते हे कळते, तिला ती कुठे खपते हे कळते. समोरच्या टॉवरमधल्या घरांचा व्हॉट्सॲप गट करून पहाटे आलेली मासळी साफ करून पोहोचवणे आता अवघड राहिलेले नाही. ॲपवाल्या कंपन्या तेच करतात. त्यांच्याकडे शीतगृहे आणि जाहिरात आहे, तिच्याकडे तासाभरापूर्वी उतरलेला माल.

तिला धोका आहे तो जागेचा. २०२१ मध्ये पलटण रोडवरची छत्रपती शिवाजी महाराज मंडई धोकादायक म्हणून रिकामी केली गेली, तेव्हा मासळी व्यापाऱ्यांना ऐरोलीला हलवण्याचा प्रस्ताव आला आणि मोठा वाद झाला. इमारत पाडून नवी बांधता येते. रोज येणारे गिऱ्हाईक ऐरोलीला जात नाही. मच्छीमार नगरातही बोटी ओढून ठेवायला, जाळी पसरायला, मासळी सुकवायला जी मोकळी जागा लागते, तीच पुनर्विकासाच्या नकाशावर रिकामी जागा म्हणून दिसते. कोळीवाड्यांच्या सीमा आखून द्या, ही मागणी घरांपुरती नाही ती यामुळेच. अंगण गेले तर हा धंदाही जातो.

बिगारी विक्रेत्यासारखी पाटी घेऊन फिरणाऱ्या किंवा पदपथावर बसणाऱ्या बाईला पीएम स्वनिधी योजनेतून पहिल्या टप्प्यात १५,०००, पुढे २५,००० आणि ५०,००० रुपये कर्ज मिळू शकते. त्यासाठी महापालिकेच्या पथविक्रेता नोंदीत नाव किंवा शिफारसपत्र हवे. कागद इथेही आलाच.

अनुभव कागदावर आणायचा तर कुठे जायचे?

पहिला दरवाजा किसान क्रेडिट कार्डाचा. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून ही सोय मच्छीमारांनाही आहे. डिझेल, बर्फ, मजुरी, बंदराचे शुल्क अशा चालू खर्चासाठी कर्ज मिळते, व्याज ७ टक्के आणि वेळेवर फेडल्यास सवलत धरून ४ टक्के. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सवलतीच्या कर्जाची मर्यादा तीन लाखांवरून पाच लाख करण्याची घोषणा झाली. समुद्रातल्या मासेमारीसाठी अट अशी की नोंदणी झालेली बोट स्वतःची किंवा भाड्याची हवी आणि मासेमारीचा परवाना हवा. या अटीतला ‘भाड्याची’ हा शब्द अनेकांच्या नजरेतून सुटतो. तीन-चार अनुभवी माणसांनी गट करून नोंदणीकृत बोट लेखी कराराने भाड्याने घेतली तर ते अर्ज करू शकतात. बोट विकत घेण्याआधी एक-दोन मोसम मालकासारखे जगून पाहण्याचा हा स्वस्त मार्ग आहे. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत बोट, जाळे, शीतपेट्या अशा गोष्टींना प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के अनुदानाची तरतूद आहे. त्या वर्षी ती चालू आहे का, हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारूनच पुढचे पाऊल टाकावे. अनुदान बहुधा खर्च झाल्यावर हातात पडते, तोवरचे पैसे कुठून आणायचे हेही आधीच ठरलेले हवे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मासेमारीला शेतीसारखा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कर्ज, विमा, वीज यांत शेतकऱ्यासारख्या सवलती मिळाव्यात हा त्यामागचा हेतू. बँकेच्या खिडकीवर त्याचा उपयोग होतो तो संबंधित शासन निर्णयाची प्रत सोबत असेल तेव्हा.

दुसरा दरवाजा नोंदणीचा. ११ सप्टेंबर २०२४ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर मच्छीमार, मजूर, विक्रेते यांना कामावर आधारित ओळख मिळते. बोट नसलेल्या खलाशालाही नाव घालता येते. ई-श्रमची नोंद वेगळी. मत्स्यसंपदा योजनेखालच्या गट अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला पाच लाखांची भरपाई आहे. मच्छीमार सहकारी संस्थेचे सभासदत्व टिकवून ठेवणे सगळ्यांत जुने आणि अजूनही सगळ्यांत उपयोगाचे: डिझेलचा परतावा संस्थेमार्फतच येतो. तो थकतो, पण सभासद नसलेल्याला तो थकीतही मिळत नाही.

तिसरा दरवाजा कौशल्याचा. कौशल्य विकास योजनेत ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’ नावाचा भाग आहे. कामावर शिकलेल्या माणसाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचे, त्याला पुन्हा पहिलीपासून बसवायचे नाही, असा त्याचा अर्थ. बांधकामातले गवंडी, वायरमन यांना त्याचा फायदा झाला आहे. समुद्रावर चाळीस वर्षे काढलेल्या तांडेलासाठी हेच करायचे, तर परीक्षा घेणाराही डोल जाळे उचललेला हवा. परीक्षा वर्गात प्रश्नपत्रिकेवर झाली तर चांगला तांडेल नापास होईल आणि कॉलेजात शिकलेला त्याचा मुलगा पास.

मच्छीमार नगरात हा जूनही तसाच जाईल. कोणी जुन्या नाखव्याकडून उचल घेईल, कोणी धाकट्या भावाबरोबर लहान होडीचा भाव काढून येईल. भाव काढायला गेलेल्याने तीन गोष्टी विचारून याव्यात: त्या बोटीवर जुने कर्ज किंवा संस्थेची थकबाकी आहे का, परवाना नावावर व्हायला किती दिवस लागतील, आणि इंजिन शेवटचे कधी उघडले होते. आणखी एक चौकशी घरी करायची. पहिल्या वर्षीच्या बंदीत, १ जून ते ३१ जुलै, हप्ता कशातून भरायचा? याचे उत्तर सुकवलेल्या बोंबलांच्या हिशेबासह बायकोकडे तयार असेल, तर बोट पाहायला जायला हरकत नाही.